जखम एकदा पाहून कळत नाही

जखमेतला संसर्ग कसा ओळखावा, यावरची चर्चा अलीकडे ‘माणसाचा डोळा की यंत्र’ अशा सामन्यासारखी चालते. एका बाजूला आयुष्यभर ड्रेसिंग केलेले हात आहेत. पट्टी सोडली की दर्पावरून आणि रंगावरून सगळे कळते, उपकरणांनी त्यात काही भर पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला जंतूंना चमकायला लावणारे दिवे, जखमेचे क्षेत्रफळ मोजणारी फोनमधली ॲप आणि जंतूंचा डीएनए वाचणाऱ्या चाचण्या यांचे पुरस्कर्ते आहेत. केवळ डोळ्यावर विसंबणे हे त्यांना मागासलेपण वाटते. मला या वादाची मांडणीच चुकलेली दिसते आणि ती चूक निरुपद्रवी नाही. तिच्यापायी कुणाचा पाय वेळेत वाचवायचा राहून जातो, तर कुणाला गरज नसलेली प्रतिजैविके आठवडेच्या आठवडे घ्यावी लागतात. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे: संसर्ग म्हणजे जखमेत या क्षणी दडून बसलेले काहीतरी आहे आणि ज्याची नजर तीक्ष्ण त्याला ते सापडेल. माझे म्हणणे वेगळे आहे. संसर्ग ही जंतू आणि शरीर यांच्यातली झटापट आहे, ती काळात घडते, आणि तिचा कल कुठे आहे हे एका क्षणाच्या तपासणीतून कळत नाही, मग ती तपासणी डोळ्याने केलेली असो की दिव्याने. जखमांच्या निदानात आज सर्वांत जास्त उणीव भासते ती मागच्या आठवड्याच्या मोजमापाची.

उघड्या जखमेत जंतू असतातच. निर्जंतुक उघडी जखम जवळजवळ नसतेच. तेव्हा ‘जंतू सापडले’ या वाक्यातून उपचाराविषयी काय निष्पन्न होते? १९५७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या प्रश्नाला थेट भिडतो. एलेक आणि कोनेन या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले. पू होण्यासाठी दहा लाखांहून अधिक जंतू लागत होते. मात्र त्याच जागी रेशमी टाका ठेवला, तर काही शेकडे जंतूही पुरत. जंतू तोच, त्वचा तीच, आणि एका धाग्याने हजारो पटींचा फरक पडला. रक्तपुरवठा तुटलेला पाय, साखरेवर ताबा नसलेले शरीर, आत राहिलेला मृत मांसाचा तुकडा, रोपण केलेली धातूची पट्टी, हे सगळे त्या धाग्याचेच काम करतात. जंतू मोजणारी चाचणी कितीही अचूक केली, तरी हा धागा तिला दिसत नाही.

यावर एक चांगले उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. संख्येचा उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा आहे. १९६७ साली त्वचारोपणाच्या एका अभ्यासात जखमेतल्या ऊतींच्या दर ग्रॅममागे जंतूंची संख्या मोजली. ती १,००,००० किंवा त्याहून कमी असलेल्या जखमांवर ९४ टक्के रोपण टिकले, तिच्यावर गेलेल्या जखमांवर फक्त १९ टक्के. इतका स्पष्ट फरक वैद्यकात क्वचितच दिसतो. पण इथे प्रश्न काय होता ते पाहा: या जखमेवर आज त्वचा लावावी की थांबावे? प्रश्न नेमका होता, उत्तराने निर्णय बदलत होता, म्हणून आकडा कामाचा ठरला. पुढे मात्र तो आकडा आपल्या प्रश्नापासून सुटला आणि ‘लाखाच्या वर म्हणजे संसर्ग’ असा सरसकट नियम होऊन फिरू लागला. बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकस याहून कितीतरी कमी संख्येत जखमेचा नाश करतो, हे तेव्हाही ठाऊक होते. उलट कित्येक जुनाट जखमा लाखांहून अधिक जंतू अंगावर वागवीत भरून येतात.

हीच गोष्ट लघवीच्या बाबतीत घडून गेली आहे, आणि योगायोग असा की तिथला आकडाही लाखाचाच होता. १९५६ साली कास यांनी दर मिलिलिटर लघवीत १,००,००० जंतू ही मर्यादा मांडली. नमुना घेताना मिसळलेले जंतू आणि मूत्रमार्गात खरोखर वाढणारे जंतू वेगळे करणे, हा तिचा हेतू होता. पुढची कित्येक दशके कोणतीही तक्रार नसलेल्या वृद्धांना आणि मधुमेही स्त्रियांना केवळ तपासणीच्या कागदावरून प्रतिजैविके दिली गेली. मग रीतसर चाचण्या झाल्या, फायदा दिसला नाही, आणि आज गर्भवती स्त्रिया व मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रिया सोडल्या तर लक्षणे नसताना ही तपासणीच करू नये असा सल्ला दिला जातो. लघवीतून शिकलेला धडा जखमेसाठी पुन्हा पहिल्यापासून शिकायचा का?

आता नव्या उपकरणांकडे वळू, कारण खरा उत्साह तिथे आहे आणि काही अंशी तो रास्तही आहे. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश जखमेवर टाकला की अनेक जातींचे जंतू त्यांच्यातल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे लाल चमकतात, तर स्यूडोमोनास निळसर हिरवा उजळतो. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या जखमेच्या कडेला लाल पट्टा उमटलेला पाहिला की कुणीही चपापेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३५० जुनाट जखमा तपासल्या. ऊतींच्या दर ग्रॅममागे १०,००० हून अधिक जंतू असलेल्या जखमा केवळ नेहमीच्या लक्षणांवरून ओळखण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. प्रकाशाची जोड दिल्यावर ते ६१ टक्क्यांवर गेले. डोळा पुरतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. त्याच वेळी यंत्रवाद्यांनी त्याच अभ्यासातला दुसरा आकडा वाचावा: एकूण जखमांपैकी ८२ टक्के जखमांमध्ये जंतूंची संख्या त्या मर्यादेच्या वर होती. पाचातल्या चार जखमा ज्या कसोटीला उतरतात, ती कसोटी नेमके काय वेगळे करते? त्या चारही रुग्णांना गोळ्या द्यायच्या का? इथे डोळा हरला तो जंतू मोजण्यात. संसर्ग ओळखण्यात कोण हरले, हे या मापाने ठरतच नाही.

तरी त्या दिव्याला मी निकालात काढत नाही. जखम खरवडून साफ करताना कुठे हात थांबवावा, नमुना नेमका कुठून घ्यावा, साफसफाईनंतर काय उरले, या प्रश्नांची उत्तरे तो जागच्या जागी देतो आणि ती दुसरे कोणी इतक्या पटकन देत नाही. एवढ्यासाठी तो वापरावा. फक्त त्याच्या मर्यादा वापरणाऱ्याला पाठ असायला हव्यात. हा प्रकाश ऊतीत मिलिमीटर-दीड मिलिमीटरच शिरतो, म्हणजे हाडापाशी पोचलेल्या पोकळीविषयी तो काही सांगत नाही. स्ट्रेप्टोकॉकस आणि एन्टेरोकॉकस पॉर्फिरिन तयार करत नसल्यामुळे चमकतही नाहीत. जो जंतू थोडक्या संख्येत सर्वांत जास्त हानी करतो, नेमका तोच अंधारात राहतो. अशा दिव्याखाली काळी दिसलेली जखम ‘सुरक्षित’ म्हणून नोंदवणे धोक्याचे आहे.

स्वॅबचे दुखणे जुने आहे. जखमेवरच्या स्रावातून कापूस फिरवला की वरवर तरंगणारे रहिवासी हाती लागतात. म्हणून आधी जखम धुवावी, मग १९७६ पासून रूढ असलेल्या लेव्हाइन पद्धतीने स्वच्छ मांसाच्या एका चौरस सेंटिमीटरवर आतला द्रव वर येईल इतका दाब देऊन स्वॅब फिरवावा, आणि शक्य असेल तिथे स्वॅबऐवजी तळातल्या ऊतीचा तुकडाच पाठवावा. हे सगळे पुस्तकात असते आणि वॉर्डच्या घाईत हरवते. पण पद्धत सुधारूनही मूळ घोटाळा उरतो. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणारी चाचणी, ‘कोणते औषध लागू पडेल’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘औषध हवे का’ हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे आणि तो जखमेपाशी, रुग्णासमोर सोडवायचा असतो. म्हणून मधुमेही पायाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की संसर्गाची चिन्हे नसलेल्या जखमेचे कल्चर पाठवूच नये. दोन-तीन दिवसांनी आलेल्या कागदावर तीन जंतूंची नावे आणि त्यांच्यापुढे औषधांची रांग छापलेली असली, की ती न वापरता बाजूला ठेवायला फार धैर्य लागते. डीएनए वाचणाऱ्या चाचण्यांनी हा मोह आणखी वाढवला आहे. प्रयोगशाळेत न वाढणारे जंतू त्या पकडतात, हे त्यांचे मोठे काम. पण मेलेल्या जंतूचा डीएनएही त्या तितक्याच इमानाने दाखवतात, आणि बायोफिल्मच्या, म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती बनवलेल्या चिकट थरात बसलेले जंतू नेमके काय करत आहेत हे नावांच्या यादीवरून कळत नाही.

एवढे वाचून ‘डोळ्याचा’ पक्ष सुखावला असेल, तर त्याच्याशीही माझे भांडण आहे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार चिन्हे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवली आणि आजही ती शिकवली जातात. पण लाली गोऱ्या कातडीवर दिसते तशी सावळ्या आणि काळ्या कातडीवर दिसत नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला वेदना होत नाही. रक्तपुरवठा आटलेल्या पायाला लाली चढत नाही, ऊबही येत नाही. स्टेरॉइड घेणाऱ्याचे शरीर सूज आणायला विसरते. ज्यांना संसर्गाचा धोका सर्वाधिक, त्यांच्याच शरीरावर ही चिन्हे सर्वांत पुसट होतात. आणि अनुभवाच्या जोरावर बोलायचे तर इतिहास फार कठोर आहे. युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी शतकानुशतके दाट, पांढरा पू हे जखम बरी होत असल्याचे सुलक्षण मानले, काहींनी तर तो यावा म्हणून प्रयत्न केले. त्यांचे निरीक्षण अगदी खोटेही नव्हते. पातळ, दुर्गंधीयुक्त स्राव येणारे रुग्ण झपाट्याने मरत, दाट पू येणारे त्यामानाने जगत. तेव्हा पू चांगला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेराव्या शतकात इटालियन शल्यचिकित्सक थिओडोरिकने जखमेत पू होण्याची गरजच नाही असे स्पष्ट लिहिले, तरी तो समज एकोणिसाव्या शतकात जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करू लागलेल्या लिस्टरपर्यंत तगून राहिला. हजारो जखमा पाहिलेले डोळे इतकी वर्षे चुकत राहिले, कारण पाहिलेले कुणी मोजून, लिहून, ताडून पाहत नव्हते. आजच्या अनुभवी डोळ्याला या आजारातून आपोआप सूट कशी मिळेल?

मग टिकते काय? जुनाट जखमांच्या लक्षणांवरचे अभ्यास एकत्र करून २०१२ साली जो आढावा निघाला, त्यात सर्वांत वजनदार चिन्ह ठरले ते वेदनेत झालेली वाढ. मात्र वेदना वाढली नाही म्हणून संसर्ग नाही असे म्हणता येत नाही, हेही त्यात होते. या निष्कर्षातला ‘वाढ’ हा भाग महत्त्वाचा आहे. वेदना आहे की नाही यापेक्षा ती कालच्यापेक्षा जास्त आहे का, हे विचारल्यावर उत्तर मिळते. जाणकार ज्या इतर चिन्हांवर भर देतात तीही अशीच आहेत: भरत असलेली जखम थांबणे, स्राव वाढणे, मिटलेली कड पुन्हा उसवणे, लाल दाणेदार मांस ठिसूळ होऊन हात लागताच रक्त येऊ लागणे. यांतल्या बहुतेकांसाठी आधीची अवस्था ठाऊक असावी लागते. शरीरात दाह झाला की रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर तो चढतोच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि मग उतरतो. एकट्या आकड्याला अर्थ नाही. उतरायच्या दिवशी तो चढू लागला, तर कान टवकारायला हवेत. बधिर पायाच्या बाबतीत वेदनेची जागा तापमान घेते: दोन्ही पायांच्या त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसचा फरक टिकून राहिला, तर त्या जागी काहीतरी बिघडते आहे असे समजतात. रुग्णांनी घरी रोज तापमान मोजले तर पायावर नव्या जखमा कमी होतात, हे रीतसर चाचण्यांत दिसले आहे. साधा तापमापक आणि एक वही यांनी इथे काम केले.

वेळोवेळी मोजण्याची ही कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या काँपिएन्य इथे युद्धरुग्णालय चालवणाऱ्या ॲलेक्सिस कॅरल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने ती फार पुढे नेली होती. तिथे जखमेवर पारदर्शक पापुद्रा ठेवून तिची कड गिरवत, त्या आकृतीचे क्षेत्रफळ काढत आणि दिवसांमागून दिवस आलेखावर मांडत. १९१६ साली त्याचा सहकारी लकाँत द्यु नुई याने जखमेचा आकार आणि रुग्णाचे वय यांवरून ती कोणत्या गतीने भरेल याचे सूत्र मांडले. संसर्ग नसलेली जखम त्या वक्राला धरून चाले. जखम वक्र सोडून मागे रेंगाळली की संसर्गाचा संशय घेत. जोडीला जखमेच्या स्रावाची काच सूक्ष्मदर्शकाखाली वरचेवर पाहून जंतू मोजले जात आणि संख्या पुरेशी खाली येऊन स्थिरावली की मगच जखम शिवत. तोफांच्या आवाजात, प्रतिजैविके नसलेल्या काळात, हाताशी होते तेवढ्या साधनांनी त्यांनी जंतू आणि जखमेची गती यांचे दोन आलेख समोरासमोर ठेवले होते. आज आपल्याकडे कॅमेरे आहेत, संगणक आहेत, आणि तरी असंख्य रुग्णांच्या कागदपत्रांत ‘जखम बरी आहे’ एवढीच ओळ सापडते. कोणत्या दिवसापेक्षा बरी? किती?

हा आग्रह म्हणजे अभ्यासकांची हौस आहे, असे कुणाला वाटेल. २००३ साली मधुमेही पायाच्या जखमांवरचा २०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या चार आठवड्यांत ज्यांची जखम साधारण निम्म्याहून अधिक आकसली, त्यांच्यापैकी ५८ टक्के बारा आठवड्यांत बरे झाले. ज्यांची आकसली नाही, त्यांच्यापैकी ९ टक्के. चौथ्या आठवड्याला इतके भविष्य सांगणारी चाचणी फुकटात मिळत असताना ती न करणे मला समर्थनीय वाटत नाही. गती मंदावण्याचे कारण संसर्गच असेल असे नाही. रक्तपुरवठा, पायावर पडणारा भार, पोषण, कधी कर्करोगही असू शकतो. पण थांबलेली जखम दिसली की शोध सुरू होतो, आणि ती दिसण्यासाठी आधी मोजलेली असावी लागते. पट्टीने लांबी-रुंदी मोजणे ओबडधोबड आहे हा आक्षेप खरा आहे. लंबगोल जखमेची लांबी-रुंदी गुणली तर क्षेत्रफळ खऱ्याहून २७ टक्के जास्त येते. परंतु दर वेळी तीच पद्धत, तीच दिशा आणि शक्यतो तोच हात असेल तर दोन्ही मोजमापांत चूक जवळपास सारखी राहते आणि घट किती झाली हे बरेच नीट कळते. वेड्यावाकड्या कडांच्या जखमेला मात्र कड गिरवणे किंवा फोटोवरून क्षेत्रफळ काढणे हेच बरे, आणि तिथे फोनचे ॲप मनापासून स्वीकारावे. त्याच ॲपने फोटो पाहून ‘संसर्ग आहे’ असे परस्पर जाहीर करू लागणे वेगळे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या कातडीच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजनची कमतरता अधिक वेळा लपवतो, हे २०२० मध्ये ठळकपणे समोर आले, तोवर ते यंत्र जगभर दशकानुदशके वापरात होते. प्रामुख्याने गोऱ्या कातडीच्या जखमांवर शिकवलेला संगणक लालीच्या बाबतीत काय करील, हे त्याला रुग्णावर सोडण्याआधी विचारायला हवे.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. तुलना करत बसायला वेळ नसेल तर? जखमेच्या मानाने असह्य वेदना, तासातासाला पसरणारी सूज, कातडीखाली करकरणारा वायू, घसरणारा रक्तदाब: मांस कुजवणाऱ्या संसर्गात आठवड्यांचा आलेख काय कामाचा? बरोबर आहे. तिथे कोणत्याही अहवालाची वाट पाहू नये. शल्यचिकित्सकाने जखम उघडणे हेच निदान आणि तोच उपचार. पण अशा रुग्णाच्या पायावर पहिल्या तपासणीत काय करतात? लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढतात आणि शेजारी वेळ लिहितात. दोन तासांनी लाली रेघेपलीकडे गेली असेल तर शस्त्रक्रियेची वाट मोकळी होते. काळाचे माप बदलले, तुलना सुटली नाही. सुश्रुताने न पिकलेले गळू अज्ञानाने कापणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, असे दोघेही सारखेच दोषी धरले होते. आजच्या वादात एक पक्ष फक्त पहिल्या चुकीला भितो, दुसरा फक्त दुसरीला.

नव्या उपकरणांच्या अभ्यासांकडून म्हणूनच माझी एक मागणी आहे. किती जास्त जंतू सापडले हे सांगणे पुरे झाले. त्यांच्यामुळे किती जखमा लवकर भरल्या, किती पाय वाचले, किती प्रतिजैविके टळली, हे मोजा. हा निकष अवाजवी नाही, आणि अगदी साधी साधनेही त्याला सामोरी जाऊ शकतात. एडिनबर्गमध्ये पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया झालेल्या ४९२ रुग्णांवर अशी चाचणी झाली आणि २०२१ साली प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना घरी गेल्यावर ठरलेल्या दिवशी फोनवरून ठरलेले प्रश्न विचारले गेले, त्यांनी जखमेचे फोटो पाठवले आणि ते शल्यचिकित्सकांनी पाहिले. बाकीच्यांना नेहमीची देखभाल मिळाली. तीस दिवसांचा एकूण हिशेब केला तर निदान होईपर्यंतच्या वेळेत दोन गटांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, हे सांगितलेच पाहिजे. परंतु पहिल्या सात दिवसांत संसर्ग ओळखला जाण्याची शक्यता फोनच्या गटात जवळपास चौपट होती, आणि त्या गटातल्या रुग्णांना डॉक्टरांकडे खेटेही कमी घालावे लागले. शस्त्रक्रियेच्या जखमांचे पुष्कळसे संसर्ग रुग्ण घरी गेल्यावर, टाक्यांकडे पाहणारे जाणकार कुणी शेजारी नसताना डोके वर काढतात. त्या दिवसांत रुग्णाला रोज त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो काढायला सांगणे, आणि तो पाहायला दुसऱ्या टोकाला कुणाची तरी नेमणूक करणे, एवढे तर आजच सुरू करता येते.